गुरुवारची लाईट

महावितरणचा मेसेज होता दहाचा.
नऊ सदतीसला गेली.
भोसरीत गुरुवारी लाईट जाते
हे इथल्या भटक्या कुत्र्यांनाही माहीत आहे;
प्रेस बंद, लेथ बंद, रस्त्यात क्रिकेट,
बॉलरच्या अंगात कंपनीचा शर्ट.
पण तेवीस मिनिटं आधी?

खाली लोंढ्यांनी जनरेटरला चावी दिली.
तो खोकला. पुन्हा खोकला.
मग जिन्यातून लोंढ्यांचाच आवाज,
"मॅडम, डिझेल आहे. तोच नाही म्हणतो."

अकरा मिनिटं बॅटरी.
अकरा मिनिटांत पायरी पायरीनं उतरायचं:
आधी शाखांना सांगायचं, नवी नोंद नको,
मग हातातलं संपू द्यायचं,
मग नागपूरला विचारायचं, पोचलं का सगळं,
आणि तिनं हो म्हटल्यावरच मिटायचे डोळे.
माझ्या वहीत आहे हे, दोन रंगांत.

वहीत हे नव्हतं, की
लिंकचा डबा वरच्या मजल्यावर
वेगळ्या, जुन्या बॅटरीला लावलाय कुणीतरी.
चौथ्या मिनिटाला तो गेला. सगळ्यात पहिला.
आमची मशीनं अजून जागी, दिवे हिरवे,
लिहितायत, लिहितायत,
आणि पलीकडे ऐकायला कुणी नाही.

मोबाईल वाजला. उज्ज्वला ढोमणे, नागपूर.
पाच वर्षं रोज बोलतो, चेहरा पाहिलेला नाही.
"कुदळे, तू बंद पडली
की फक्त दिसून नाही राहिली?"

या प्रश्नाला मशीनकडे उत्तर नसतं.
तिकडून दोन्ही सारखीच दिसतात,
मेलेलं माणूस
आणि दाराआडचं.

"आहे," म्हटलं. "तू हलू नकोस.
माझ्याकडे त्रेचाळीस नोंदी आहेत
ज्या तुझ्याकडे नाहीत."

दुसऱ्या फोनवर पाठारे साहेब.
नागपूर चालू करा, काउंटरवर लोक आहेत,
नागपूर ठेवलंय कशाला मग?
चुकीचं नव्हतं त्यांचं.
मी त्रेचाळिसातली शेवटची ओळ वाचून दाखवली:
राजगुरुनगर शाखा, भरणा, दोन हजार तीनशे पन्नास.
त्या माणसाच्या हातात शिक्क्याची पावती आहे, साहेब,
आणि नागपूरच्या हिशेबी तो अजून घरून निघालेला नाही.
आज तिकडे लिहायला घेतलं
तर संध्याकाळी आपल्याकडे दोन वह्या, दोन्ही खऱ्या,
आणि उद्या एकीला खोटं पाडायचं.
ते गप्प. मग म्हणाले,
"पाटी लावायला सांगतो."

दोन मिनिटं उरली होती.
मशीनांनी पोटातलं, अजून न लिहिलेलं,
घाईघाईनं तबकडीवर उतरवलं,
रिक्षात चढता चढता कुणी
तळहातावर नंबर लिहून घ्यावा तसं.
पंखे खाली खाली येत थांबले.
या खोलीत पहिल्यांदाच ऐकू आली
पत्र्यावरच्या कबुतराची नखं.

डबा उघडला. भाजी शेपूची, गार.
दिवसभर तिकडे नागपूर जागं, लाईट आहे, एसी आहे,
आणि उज्ज्वला हातावर हात ठेवून बसलेली.
तेही कामच. त्याचं रजिस्टर नसतं.

पाच वीसला आली.
येतानाही रांग: आधी लिंक,
मग तबकड्या, मग शाखा, सगळ्यात शेवटी.
जनरेटर आता एका चावीत सुरू होत होता,
लोंढे त्याच्याकडे बघत उभे, काही न बोलता.

त्रेचाळीस. एकोणतीस.
बारावर आकडा अडला, मी पाणी प्यायले.
शून्य.
"आला तुझा राजगुरुनगरवाला," ती म्हणाली.
"जेवली का गं?"

वर जाऊन लिंकच्या डब्याची वायर काढली,
खालच्या बॅटरीला जोडली,
वहीत लिहिलं, तिसऱ्या रंगात.
तेवढ्यात महावितरण:
येत्या गुरुवारी सकाळी दहापासून.
मी दहा उतरवून घेतले,
खोडले,
नऊ केले.